वस्तूचे वर्णन

मिरजेत, सतारवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान :
झेरॉक्स, लॅमिनेशन, थोडं सुई-दोऱ्याचं सामान,
आणि गेली चार वर्षं
गल्लीतल्या वाद्यांचे परदेशी कागद.

इलाहीचाचा स्टुलावर बसतात,
बोटांना चंद्रसाचा वास, नखांत तुणीचा भुसा.
मी विचारते, ते सांगतात.
मधेच एखाद्या इंग्रजी शब्दाचा खड्डा लागतो,
तिथं दोघंही थांबतो.

वस्तूचे वर्णन : तंबोरा, एक नग.
कशाचा? भोपळ्याचा.
"भाजी आहे का?" कस्टमचा माणूस फोनवर.
चाचा हसले नाहीत.
"लिव्हा, भीमेकाठचा भोपळा,
कडू जातीचा,
तीन उन्हाळे माळ्यावर वाळलेला.
कुणी खाल्लाच तर त्याचं तो बघंल."
मी लिहिलं : वनस्पतीजन्य, प्रक्रिया केलेले.

घोडी हाडाची. कुठल्या प्राण्याच्या?
यावर तीन पत्रं गेली, तीन आली.
शेवटी चाचांनी ती काढली, शिसवीची बसवली,
आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

हे सगळं ब्रनोच्या संग्रहालयासाठी.
तिथली बाई मार्गशीर्षात येऊन गेली होती,
नाव यित्का. गल्लीनं तिची इतकाबाई केली.
सहा आठवडे चाचांच्या शेजारी मांडी घालून
घोडीवर कानस फिरवायला शिकली.
पायांना मुंग्या यायच्या, उठताना भिंत धरायची.
वहीत तिनं नुसते हात काढले होते,
पानामागून पान, चाचांचे हात.
चाचांनी चष्मा पुसून बघितलं :
"अंगठा चुकलाय."

प्रदर्शनाचं नाव 'भारताचा नाद'.
नाव एवढं मोठं, आणि सोबत चार पानं सूचना :
तारा सैल ठेवाव्यात.
सुती धागा नको, कीड लागते.
दीड मीटर अंतर. स्पर्श करू नये.

"धागा नको?"
चाचांनी दोनदा विचारलं.
घोडीवर, तारेखाली, शिवणाच्या रिळातला
बोटभर दोरा सरकवतात ते,
केसाएवढा पुढं, केसाएवढा मागं,
एका जागी तार बोलायला लागते.
"त्याला आम्ही जीव म्हणतो, ताई.
भोपळा लिव्हलासा, लाकूड लिव्हलंसा.
जीव कुठल्या रकान्यात लिव्हणार?"

मी शोधलं. शेवटी 'इतर'.
तिथं लिहिलं : धागा, चार तुकडे.
तिकडून लाल रेघ मारून परत आलं.

मग तंबोरा गेला.
पेटीवर वर जाणारे बाण, फुटक्या पेल्याचं चित्र.
पोरं टेम्पोमागं कोपऱ्यापर्यंत पळाली.
चाचा आत जाऊन
दुसऱ्या भोपळ्याचं तोंड कापायला बसले.

वैशाखात, रात्री दहाला, माझा फोन वाजला.
तशीच चप्पल अडकवून चाचांच्या घरी गेले.
पडद्यावर अंधारं दालन, काचेचं दार उघडं,
इतकाबाई पांढरे हातमोजे
दातांनी ओढून काढत होती.
खिशातून रीळ निघालं.
"इतका?" तिनं दोरा कॅमेऱ्यापुढं धरला.
"इतकाच."

तारा चढल्या. पंचम. जोड. खर्ज.
माझ्या फोनचा स्पीकर फाटका,
तरी घरातली भांडी घासायची थांबली.

चाचा एकदम ओरडले, "खर्ज उतरलाय!
थंडी असंल तिकडं. चढीव. आजून जरा."
मी इंग्रजी जुळवायला तोंड उघडलं
तोवर तिनं खुंटी पिळली होती.

कागदोपत्री तो तंबोरा अजून
'न वाजणारी, प्रदर्शनीय वस्तू' आहे.
मी दुरुस्ती पाठवलेली नाही.
रीळ माझ्याच दुकानातलं होतं, दहा रुपयांचं.
बिलात धरायचं राहिलं.