टोपी अजून नको

ओउलूच्या प्रसूती कक्षात, पहाटे चारला,
तिसऱ्या ओढीला तो आला.
दुसऱ्या ओढीला कप निसटला होता,
बाटलीचं बूच उडावं तसा आवाज,
आणि इंकेरीने विचारलं होतं, "काय तुटलं?"
काही नाही, म्हणाले डॉक्टर लिंडरूस.
मी काहीच म्हणाले नाही.
मी तिचा गुडघा धरून होते.

आता खिडकीबाहेर उणे एकोणतीस.
गोठलेल्या नदीवरून कुणी सायकल रेटत कामाला निघालंय.
माझ्यापुढे कागद:
चेहरा, रडणं, श्वास, हात, पाय, जाग.
प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन.

तासाभराचं बाळ.
डोक्यावर कपाएवढाच गोल उंचवटा,
जांभळट, भिजवलेल्या कणकेसारखा मऊ.
कपाळावर आठी नाही. शून्य.
हूं की चूं नाही. शून्य.
श्वास ठीक. हात सैल, पाय सैल.
बेरजेला बोटंसुद्धा लागली नाहीत.

मग वजनाला घ्यायला मी हात घातला
आणि मान तळव्यात येण्याआधीच
त्याची दहाही बोटं फाकली.
असं होतंच, पुस्तकात चित्र आहे त्याचं.
पण ओठ उघडले ते चौकोनी,
रडण्याच्याच आकाराचे,
आणि आतून रडणं आलं नाही.

रडायलाही बळ लागतं.
त्याचं सगळं बाहेर येण्यातच खर्च झालेलं.
या गोष्टीला कागदावर चौकोन नाही.

मी शिकत होते तेव्हा, कायानीत,
आमच्या थोरल्या सुईणबाई आर्मी हुह्ताला म्हणायच्या,
"त्यांना कळत नाही ग, नसा कच्च्या असतात."
वाईट बाई नव्हत्या.
टाच टोचताना स्वतःच तोंड फिरवायच्या.
मी ते बरीच वर्षं खरं मानलं.
रात्रपाळ्या लांब होत्या, आणि ते सोयीचं होतं.

"दुखलं असेल का त्याला?" इंकेरी.
"त्याला आठवणार नाही," ओत्सो लगेच म्हणाला.
खरं असेल.
पण तिने ते विचारलं नव्हतं.

ओत्सोने खिशातून टोपी काढली,
मोहरीच्या रंगाची, स्वतः विणलेली,
एका बाजूला तीन टाके सुटलेले.
टोपी अजून नको, मी म्हणाले.
त्याने ती स्वतःच्या मुठीवर चढवली
आणि सकाळभर तशीच ठेवली.

दिवा मालवला. बाळ तिच्या छातीवर,
सुजलेली बाजू वर, मोकळी.
टाच नंतर टोचू, आधी दूध लागू दे.
पाळण्यावरच्या पाटीवर नाव नाही,
आमच्याकडे ते बारशालाच कळतं, दोन महिन्यांनी.
नुसतं: मुलगा, तीन हजार आठशे दहा.

कागदावर मी शून्यच लिहिला,
नियमाप्रमाणे तेवढाच होत होता.
मागच्या कोऱ्या बाजूला, पेन्सिलीने:
थकलाय. डोक्याला हात नको.
उचलण्याआधी आवाज द्या.

दिवसपाळीच्या मुलीने कागद उलटला की नाही,
मला ठाऊक नाही.
घरी आले, बूट काढले,
आरशासमोर केसांत कंगवा घातला
आणि टाळूपाशी
हात तसाच राहिला.