औषधाचा वास

ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात माझं नाव असं आहे :
जलसुरक्षक, मुंजाजी ग्यानोबा ढेंबरे.
शब्द मोठा आहे. काम एवढंच,
पहाटे टाकीवर चढायचं, शिडीची चौथी पायरी टाळून,
बादलीत पावडर कालवायची,
निवळी वर येईस्तोवर कयाधूकडं बघत बसायचं,
ती ओतायची, उतरायचं.

खाली शिव्या तयार.
"मुंज्या, पान्याला दवाखान्याचा वास यायलाय."
"चहा नासला."
"वरण शिजंना."
सोजरबाई म्हणायची, आमचा आड कसा गोड होता.
आडाला लागून उकिरडा होता,
हे मी बोललो नाही. गावात राहायचं असतं.

मापटं होतं, ते निम्मं केलं.
मग मूठभर.
मग सप्त्याची पंगत आली, तेव्हा दोन दिवस काहीच नाही.
लोक म्हणाले,
आता कसं पाण्यासारखं पाणी झालं!

नळ बंद झाला की पाइप उलटा श्वास घेतो.
व्हॉल्वच्या खड्ड्यात त्या आठवड्यात
नाली फुटून साचली होती.
तिचा वास कुणाला आला नाही.

तिसऱ्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात
सलाईनच्या बाटल्या खिडक्यांच्या गजांना.
फळ्यावर सुविचार तसाच.
डोळे आत गेलेली पोरं,
आणि सोजरबाई, जिची नस नर्सबाईंना सापडेना.

नर्सबाईंनी मला एक छोटी बाटली दिली,
नळाचं पाणी भर, उबेत ठेव.
मी ती लेकीच्या गोधडीत ठेवली.
दुसरी ऊब कुठली आणायची घरात?
सकाळी बाटली काळी.
बायको म्हणाली, ह्यात शाई कुणी टाकली?

रजिस्टर उघडलं.
सप्त्याचे दोन्ही दिवस : "टीसीएल टाकले."
खाली माझी सही, निळी,
वळणदार.

आता मापटं भरून टाकतो, सपाट.
सोजरबाईचा नातू तिचीच घागर घेऊन येतो,
नळाखाली ओंजळ धरतो, हुंगतो,
माझ्याकडं बघतो.
मग भरतो.
काही बोलत नाही. मीही नाही.

चौथ्या पायरीचा अर्ज दिलाय.
ती अजून तशीच आहे.