चौथं पान

अंक गुरुवारी निघणार, चौथं पान अजून कोरं.
गीव्हस्टनच्या शेडमध्ये, पत्र्यावर गारा.
"त्या डबीबद्दल लिही ना," मी मर्विनला म्हणाले.
"काय लिहू? ह्युऑन पाइनची आहे. झाकण बसतं."
आणि पुन्हा रंध्यावर वाकला.

गेल्या महिन्यात जागा भरायला छापलं होतं:
हरवली आहे, पाऊण इंची पटाशी, मुठीवर कुत्र्याचे दात.
तीन परत आल्या.
त्यांतली एकही मर्विनची नव्हती.

आज झाडताना केरात सापडलं
रंध्याचं हातभर सालपट, कुठेही न तुटलेलं,
इतकं पातळ की त्यातून खिडकी दिसली.
तो ओशाळला. "टाक ते," म्हणाला.

टाकलं.
चौथ्या पानावर, चिकटपट्टीने.

साठ प्रती आहेत.
म्हातारा अजून एकोणसाठ काढतोय.