शीव

नागपूरहून निघालेली बस
मनसरला चहा पिते, देवलापारला अर्धी रिकामी होते,
शेवटी उरतो मी, पेन्शन काढून आलेला,
आणि बिसेनच्या दुकानाची मिठाची गोणी.
बस दगडपारला मुक्कामी असते.
पुढं रस्ता आहे, पण तो आपला नाही.

एकोणचाळीस घरं, एक हातपंप
आणि एक नाका, ज्याला आता काही अडवायचं नाही.
सत्तावीस वर्षं मी त्याचा दांडा उचलला.
दांड्याच्या टोकाला दगड बांधलेला,
म्हणजे वजन उचलायचा दगड, पगार उचलायचो मी.
सागवान, तेंदूपत्ता, मोहफुलं, वऱ्हाडाचे ट्रक,
एकदा तर हत्तीसकट सर्कस.
रजिस्टरात हत्तीला रकाना नव्हता.
मी ‘इतर’ लिहिलं.

छप्पन साली कोणी साहेब आला होता म्हणतात.
दोन रात्री राहिला, मोहाची घेतली,
सकाळी नकाशातल्या नाल्यावरून निळी पेन्सिल ओढली आणि गेला.
पुढं एका पुरात नाल्यानं कूस बदलली.
पेन्सिलीला ते कोणी कळवलं नाही.

तेव्हापासून फगनू मरसकोल्ह्याची चूल इकडं, न्हाणी तिकडं.
मोबाईल उशाशी घेऊन झोपला की रात्रभर त्याचं स्वागत होतं,
कधी या राज्यात, कधी त्या.
पोरं सकाळी मराठी शाळेत खिचडी खातात,
दुपारी नाला उतरून हिंदी शाळेत दाळभात.
दोन्ही पटांवर नावं आहेत.
घरी बोलतात गोंडी,
तिची शाळा कुठल्याच काठाला नाही.

सुकवारो इनवातेला मी एकदा विचारलं, तुझा जन्म कुठला?
म्हणाली, “थो साग दिसते ना, त्याच्या बुडाशी.
राज्य कोणतं होतं, थे झाडाले इचार.”

तिची कबरी गाय वाघिणीनं इकडं धरली,
ओढत तिकडं नेली.
इकडचा गार्ड म्हणाला, मेली तिकडं.
तिकडचा म्हणाला, गाय तुमची, वाघीणही तुमचीच,
आमच्या यादीत तिचा नंबर नाही.
पुरावा म्हणून सुकवारो कवटी पोत्यात घालून फिरली.
देवलापार, रामटेक, कुरई, शिवनी,
पुन्हा देवलापार.
कंडक्टरनं कवटीचं अर्धं तिकीट फाडलं.
एकोणीस महिने. भाडं गाईच्या वर गेलं.
प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न:
नेमकी शीव कुठं आहे, बाई, दाखव.

एका दुपारी ती पोतं घेऊन नाक्याशी उभी राहिली.
पायी माणसाला दांडा लागत नाही, बाजूनं वाट आहे.
तरी म्हणाली, “उचल.”
मी उचलला.
नाल्याच्या जुन्या पात्रात, जिथं कबरी पडली होती,
तिनं हातानं खड्डा केला आणि कवटी पुरली,
शिंगं तेवढी वर.
“हे पाय, इथं.”

मग कर बदलला, नाके उठले, मी निवृत्त झालो
आणि कुठं जायचं ते न सुचून इथंच राहिलो.
परवा-परवा मोजणीवाले आले, तिवई, ड्रोन, टोप्या.
पोरसवदा साहेबानं विचारलं, ती शिंगं कशाची?
मी म्हटलं, शिवेची.
त्यानं पडद्यावर बोट टेकवलं.

नकाशा छापून आला.
त्यात दगडपार नाही, हातपंप नाही,
पण शिंगांच्या जागी एक बारका ठिपका आहे.
खालच्या तक्त्यात त्याच्यापुढं लिहिलंय: इतर.

पैसे सुकवारोला मिळाले नाहीत.
तिनं नकाशा उलटा धरला, मग आडवा.
“कबरी लिवलं का?”
तिला वाचता येत नाही.
मी म्हटलं, हो.

रात्री मुक्कामाच्या बसमध्ये चढलो,
ड्रायव्हरला उठवून दिवा लावायला लावला
आणि ठिपक्याशेजारी, रजिस्टरात लिहायचो तसं
ठळक, रेघेला धरून,
लिहिलं.