रिळाच्या तळाशी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालं हे रीळ,
एक गंजकं कुलूप आणि पाती नसलेला पंखा, त्यांच्या मध्ये.
विकणारा म्हणाला, मूठ फिरते, कमान पडते, आणखी काय हवं?
आणखी बरंच हवं होतं. तीनशेत एवढंच आलं.

चोडणच्या धक्क्याला शेवटची फेरी बांधून आलो,
हाताला अजून दोरखंडाचा ओला वास,
आणि ओसरीवर बसून जुना दोरा उलगडू लागलो.
पिवळट, ठिसूळ, बोटाला कडकडणारा.
उलगडता उलगडता मांडीवर ढीग झाला
आणि मांजर त्यात शिरून बसलं.

तळाशी मात्र दुसराच दोरा निघाला, हिरवा,
चार-पाच वेढे, आणि एक गाठ.
गाठीवर जखमेची पट्टी चिकटवलेली,
घसरू नये म्हणून असेल.
कोणाच्या तरी खिशात तेव्हा तेवढंच होतं.
शेपूट इतकं नेमकं कापलेलं, की मी चष्मा लावून पाहिलं.

"काढून टाक," सुलक्षा म्हणाली.
मी काढलं नाही.
नवा दोरा त्या हिरव्यालाच जोडला,
थुंकी लावून आवळला, कमान पाडली,
आणि चिमटीत ओलं फडकं धरायला तिला बसवलं.

ती शिवणकाम करते. ताण मला शिकवायचा नसतो तिला.
"सैल भरलीस तर बॉबिन ओकते," ती म्हणाली,
"तुझं रीळपण ओकेल, भर रात्री, मासा लागलेला असताना."
वीस वेढे झाले. "थांब. ढील दे."
दोऱ्याने हवेतच पीळ घेतला, तळलेल्या चकलीसारखा.
"चकती उलटी कर."
केली. पीळ गेला.
सत्तावीस वर्षं मी नदीवर आहे
आणि हे मला मशीनवाल्या बाईने सांगावं.

मग फक्त मुठीचा आवाज,
आणि पलीकडे रायबंदरचे दिवे.
दोरा बसत गेला, वेढ्याला वेढा लागून.
काठाला तांदळाच्या दाण्याएवढी जागा राहिली तेव्हा
तिने स्वतः उठून कात्री आणली,
कापडाची. जिला मी
कागदालासुद्धा हात लावलेला तिला चालत नाही.
कच्. बस्स, एवढंच.

आता ती गाठ दीडशे मीटर खाली आहे.
शेवटा तिथवर जाणार नाही, तामसोही नाही.
एखादी मोठी चणक लागली,
ओहोटीच्या धारेला लागून सुटलीच समुद्राकडे,
आणि रीळ किंचाळत रिकामं होत गेलं,
तर अगदी शेवटी ती पट्टी दिसेल,
आणि त्या कोण्या माणसाने किती घट्ट बांधलं होतं
ते मला कळेल.

"उद्या आणशील ना काही?" ती विचारते.
फडकं पिळून कठड्यावर टाकते.
"नाही तर सकाळी बांगडेवालीला थांबवते."

थांबव, म्हटलं. थांबवच.