खापर

सातवीचा वर्ग. खिडकीबाहेर खानापुरातला
बंद पडलेला कौलांचा कारखाना,
चिमणीतून पिंपळ वर आलाय.
मी फळ्यावर अथेन्स काढते:
आधी राजा, मग मोजकी घराणी,
मग टेकडीवर जमलेली माणसं, हात वर करून.

नकोसा झालेल्याचं नाव खापरावर कोरायचं.
सहा हजार खापरं पडली
की दहा वर्षं शहराबाहेर.

मुलं हसतात.
आमच्यात डोक्यावर फोडतात, बाई!

भावकू कुंभाराची निर्मळा उभी राहते,
नखांत मलप्रभेची माती.
"मडकी करणाऱ्यांना होतं का मत?"

पुस्तकात हे नाही.
बरेचसे बाहेरून आलेले, मी सांगते,
पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, तरी बाहेरचे.
कर भरायचे.
"आणि बायकांना?"
घंटा होते. मला बरं वाटतं, आणि लाजही.

संध्याकाळी कुंभारगल्लीत
ढिगातलं एक खापर उचलते.
कुणाचंच नाव सुचत नाही,
लिप्या मात्र दोन सुचतात.

भावकू चाकावरून मान न उचलता म्हणतो,
"ठेवा ते. भट्टीआधीच तडकलंय,
कच्चं हाय की अजून.
हात भरंल."