बोटाला लागतो तो लाल

बाबा एकतीस वर्षं इथे तुर्बेदार होते,
म्हणजे मेलेल्यांच्या घरची किल्ली सांभाळणारे.
आता दोन्ही डोळ्यांवर साय धरलीय.
तरी मंगळवारी, दार लोकांसाठी बंद असतं तेव्हा,
मी त्यांना आत आणते.
माझ्या खिशात कापूस आणि मऊ कुंचले,
त्यांच्या खिशात भाजलेले हरभरे.

शिंपल्यांनी मढवलेल्या दारातून ते तिरके शिरतात,
नक्षीला कोट घासू नये म्हणून.
"आठ," म्हणतात. भिंती अजून आठच आहेत ना, याची खात्री.
"घुमटाखाली बोलू नये, मेव्हिबे,
तो व्याजासकट परत करतो."
आणि स्वतःच खोकतात.
वरून तीन खोकले उतरतात.

दिव्यांच्या साखळीत शहामृगाचं अंडं टांगलंय,
त्याच्या वासाने कोळी फिरकत नाहीत, असं ते पर्यटकांना सांगत.
मार्चमध्ये मी शिडी लावून वर गेले होते.
अंड्याच्या बुडाशीच जाळं होतं.
हे त्यांना सांगितलेलं नाही.

मग भिंत.
तळवा टेकवून ते चालू लागतात.
निळा गार, नदीतल्या गोट्यासारखा.
मोरपंखी तसाच.
पांढऱ्यावरून बोट नुसतं घसरतं.
आणि लाल,
लाल उठलेला असतो.
लोहाची माती ती, थापून भरावी लागे.
भट्टीत बाकीचे रंग काचेखाली निमूट बसले,
हा बसला नाही.
अंगावर पित्ताच्या गांधी याव्यात
तसा ट्यूलिपच्या पाकळ्यांवर, कार्नेशनच्या दात्यांवर,
आलुबुखारच्या मोहोराच्या देठाशी
चारशे वर्षं उठलेलाच आहे.

मधोमध तो, ज्याच्यासाठी घुमट.
त्याच्या भोवती त्याचे मुलगे,
हिरव्या बनातीखाली, एकाच रात्रीत आलेले.
तख्ताला एक भाऊ पुरतो.
बाबा पेट्या मोजत नाहीत, विती मोजतात.
सात वीत. सहा.
खिडकीपाशी साडेचार.
साडेचार वितीलाही उशाशी पागोटं आहे,
मुठीएवढं, नीट गुंडाळलेलं.
"सुताराला माप कुणी दिलं असेल?"
दर मंगळवारी हेच.
दर मंगळवारी मी म्हणते, माहीत नाही, बाबा.
मला तर भट्टीवाल्याचं पडलेलं असतं:
इझनिकला हुकूम गेला असेल, इतक्या शेकडा टाइल,
बाग हवी, बारमाही, एकही फूल सुकलेलं नको.
त्याने विचारलं असेल का, कुणासाठी?
की नुसताच आकडा लिहून घेतला
आणि लाकडं मागवली?

आज माझं लक्ष भिंतीकडे नाही, त्यांच्या हाताकडे आहे.
साडेचार वितीच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर,
एक टाइल तडकून पडली होती.
तिच्या जागची मी केली आहे. सहा वर्षं लागली,
त्यातली पाच नुसत्या लालाला:
कधी तपकिरी आला, कधी वाहून गेला,
एकदा तर हुबेहूब यकृताचा.
सातवीस तुकडे घराच्या मागे पुरलेत.
लावून तीन आठवडे झाले. साहेबांना फरक कळला नाही.
कॅमेऱ्यालाही नाही.

बाबा उकिडवे बसतात. गुडघे कडकडतात, घुमट तेही परत करतो.
जुनी टाइल. जुनी. सांधा.
माझी.
बोट पाकळीच्या कडेने जातं, देठाशी येतं,
पुन्हा मागे जातं.
"ही नवी."
माझा लाल बसला का, बाबा? सपाट झाला?
"लाल चांगला उठलाय. जरा जास्तच.
या उंचीवर पोरं हात लावतात.
आया वर बघत दुआ मागत असतात ना, तेव्हा.
बाकीच्या बघ, कडा गेल्यात.
हिला अजून कुणी शिवलेलं नाही."

असं म्हणून अंगठा तिथेच ठेवतात
आणि घासत बसतात, सावकाश,
मुलाच्या गालावरचा डाग पुसावा तसे.
माझ्या कामाच्या नियमांत हे बसत नाही.
बाहेर फेरीबोटीचा भोंगा होतो,
एक हरभरा त्यांच्या खिशातून निसटून फरशीवर टणटणत जातो,
पेट्यांच्या मधून, खिडकीकडे.
आम्ही दोघंही तो कुठे थांबतो ते ऐकतो.